पोपट दुसऱ्या घरी द्यायचाय? जरा थांबा, आधी हे वाचा

नाना, म्हणजे माझे सासरे, २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. मागे राहिली त्यांची आरामखुर्ची, औषधांचा डबा आणि बंडू. बंडू म्हणजे आफ्रिकन ग्रे पोपट. राखाडी अंग, लालभडक शेपटी, वय तेव्हा बारा. ठाण्यात आमचा वनबीएचके, आम्ही दोघंही नोकरीला, सकाळी आठ ते रात्री आठ दाराला कुलूप. नाना होते तोवर त्याला दिवसभर माणूस होतं. ते गेल्यावर तो रिकाम्या घराला कुकरची शिट्टी, दाराची बेल आणि नानांचा खोकला ऐकवत बसायचा. शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, "अगं, तुमच्याकडे दुपारी कोण खोकतं?"

त्याला चांगलं घर मिळवून द्यायला मला आठ महिने लागले. मधे एक घर चुकलं, आणि ती चूक माझीच होती. ती पुढे येईलच. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर मी ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने जाऊ नका. खालच्या क्रमाने जा.

१. पिंजऱ्यात नेमकं कोण आहे ते आधी बघा

यावर पुढचं सगळं ठरतं. आणि इथेच बहुतेकांचा पोपट होतो.

हिरवा, लाल चोचीचा, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेला आपला राघू, त्याहून मोठा आणि खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी किंवा करण पोपट, आणि जांभळट-लाल डोक्याचा तोई: हे तिन्ही भारतातले रानपक्षी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं हा गुन्हा आहे. "आम्ही विकत नाही घेतला, झाडावरून पडलेला होता", "वीस वर्षं आहे आमच्याकडे" यातलं काहीही चालत नाही. दारोदार फिरणाऱ्या ज्योतिषाचा चिठ्ठी काढणारा पोपटही त्यातच आला.

म्हणून राघूसाठी नवीन मालक शोधायचाच नसतो. मावसबहिणीला दिलात तर फक्त गुन्ह्याचा पत्ता बदलतो. राघू वनविभागाकडे द्यायचा. महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. पुणे, नागपूर, मुंबईसारख्या शहरांत वन्यप्राण्यांवर उपचार करणारी केंद्रं आहेत, पण तिथेही वनविभागाच्या मार्फतच जा. आमच्या मागच्या चाळीतल्या एका मावशींनी चौदा वर्षांचा राघू असाच दिला. वनरक्षक आले, पंचनामा केला, समज दिली, पिंजऱ्यासकट पक्षी घेऊन गेले. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. मनात भीती असेल तर आधी वकिलाशी बोला, पण पक्षी लपवत बसू नका.

आणि गच्चीवर जाऊन पिंजऱ्याचं दार तर मुळीच उघडू नका. हा सल्ला तुम्हाला हमखास मिळणार, तोही पुण्याचं काम म्हणून. "देवाने पंख दिलेत, उडेल की!" चौदा वर्षं गोल पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या छातीत उडण्याचं बळ उरलेलं नसतं. खाणं कुठे शोधायचं, ससाणा आला की कुठे दडायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. दहा मिनिटांत कावळे गोळा होतात. मावशींचा राघू कधी सुटेल का, हे केंद्रातले लोक ठरवतील, मोठ्या पिंजऱ्यात त्याचं उडणं बघून.

परदेशी पोपटांची गोष्ट वेगळी. बजी (बाजारात यांनाच सरसकट लव्हबर्ड म्हणतात), कॉकटिल, खरे लव्हबर्ड, कोन्युअर, ग्रे, मकाव हे पाळता येतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणांना कागद लागतात. ते तिसऱ्या पायरीत. एक मधली गंमत: निळा किंवा पिवळा रिंगनेक. दुकानदार "फॉरेन आहे" म्हणून देतो, पण प्रजात आपल्या राघूचीच, फक्त रंग बदललेला. तो कोणाला देण्याआधी वन कार्यालयात विचारून घ्या.

२. देणं खरंच भाग आहे का?

कारण कागदावर लिहून बघा. मी लिहिलं होतं: "वेळ नाही." दोन आठवडे रोज किती वेळ देऊ शकतो ते मोजलं. दिवसाला पस्तीस मिनिटं भरली. ग्रेला ते पुरत नाही. तो कळपात राहणारा पक्षी, एकटा पडला की स्वतःचीच पिसं उपटायला लागतो.

पण काही कारणं सुटण्यासारखी असतात. "अचानक चावायला लागलाय" हे बहुतेकदा वयात येण्याचं लक्षण असतं. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली, आणि पाठीवरून हात फिरवणं बंद केलं (डोकं-मान चालते) तरी फरक पडतो. "ओरडतो" म्हणाल, तर सन कोन्युअर ओरडणारच. तो घेताना दुकानात कोणी सांगितलं नाही, यात त्याचा काय दोष? आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. चिडका झालेला पक्षी कधीकधी नुसता आजारी असतो.

बाळ होणार म्हणून, बदली झाली म्हणून, घरमालक नको म्हणतो म्हणून पक्षी देणारे लोक वाईट नसतात. पक्षी बाल्कनीत टाकून त्याला फक्त दाणापाणी देत राहणं, आणि "आम्ही नाही हो टाकून दिला" असं म्हणणं, हे मला त्याहून वाईट वाटतं.

३. कागद

कंटाळवाणं, पण टाळता येत नाही.

परदेशी पोपटांपैकी जवळजवळ सगळे 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. बाहेर आहेत ते बजी, कॉकटिल आणि पीच-फेस लव्हबर्ड. (डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले फिशर आणि मास्क्ड लव्हबर्ड मात्र यादीत आहेत. इथे फार जण फसतात.) यादीतला पक्षी घरात असेल तर त्याची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आले. नोंद नसलेला पक्षी दुसऱ्याला देणं म्हणजे त्याच्या घरी अडचण पाठवणं. आणि पक्ष्याचं घर बदललं की तेही कळवावं लागतं.

ग्रे तर या यादीच्या सर्वांत कडक भागात, पहिल्या परिशिष्टात आहे. आफ्रिकेच्या जंगलांतून तो इतका पकडला गेला की २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला तिथे टाकलं.

जवळ ठेवायचे कागद:

- परिवेशवरच्या नोंदीची प्रत
- खरेदीची पावती किंवा ब्रीडरने लिहून दिलेलं
- पायातल्या रिंगचा नंबर (फोटोसह)
- डीएनए चाचणीचा रिपोर्ट
- डॉक्टरांची फाइल
- नवीन घरातल्या माणसाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा

आमची अडचण अशी की नोंद नानांच्या नावावर, आणि नाना नाहीत. आधी मृत्यूचा दाखला जोडून नाव बदलायचं, मग पुढच्या घराचं. त्यात अडीच महिने गेले. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो. साठीला घेतलेला पक्षी तुमच्या मागे राहणार हे गणित सोपं आहे, तेव्हा "माझ्यानंतर हा कोणाकडे" हे आत्ताच लिहून ठेवा. नानांनी घराचं मृत्युपत्र केलं होतं, बंडूचं राहून गेलं.

डीएनएवरून आठवलं. ग्रेमध्ये नर-मादी दिसून ओळखता येत नाहीत. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, बंडू मादी आहे. नाव बदललं नाही. ती त्यालाच ओ देते आणि आमच्या तोंडी अजूनही 'तो'च बसलाय.

४. डॉक्टर आणि वजनकाटा

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगले असले तरी पक्ष्यांचा अनुभव असलेलेच शोधा. सिटॅकोसिस (पोपटांचा ताप, हा माणसालाही होतो) आणि पीबीएफडी (चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार) या दोन चाचण्या करून घ्या, विशेषतः नवीन घरात आधीच पक्षी असतील तर. चाचणी चांगली आली तरी तिथे निदान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा.

घरी लागणारी एकच वस्तू म्हणजे किचनचा डिजिटल काटा. रोज सकाळी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन. पोपट आजार लपवतो. पिसांमुळे बारीक झालेला दिसतही नाही. आकडा मात्र खोटं बोलत नाही. बंडू तेव्हा ४५२ भरत होता.

५. स्वभावपत्र, आणि मी केलेली चूक

एक पानभर लिहा: काय खातो, कधी झोपतो, कशाला घाबरतो, कोणते आवाज काढतो, कोणाला चावतो. मी असं पान लिहिलं होतं. सुंदर लिहिलं होतं. डाळिंबाचे दाणे आवडतात, हिरवी मिरची कडाकडा खातो (पक्ष्यांना तिखट लागतच नाही), "चहा टाक गं" म्हणतो. आणि शेवटी एक ओळ: "कधीकधी हलकासा चावतो."

खरं असं होतं की बंडूने माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याला तीन टाके पाडले होते. पुरुषाचा हात पिंजऱ्यात गेला की तो मान खाली घालतो, बुबुळं लहान-मोठी करतो आणि पुढच्या क्षणाला चोच मिटते. नानांचा हात तेवढा चालायचा. हे मला पक्कं माहीत होतं. पण कल्याणचं ते कुटुंब फार चांगलं होतं, हो म्हणालं होतं, आणि मी थकले होते.

नवव्या दिवशी त्यांचा फोन आला. घरातल्या आजोबांना चावला होता. शिवाय त्यांच्या मुलाला दमा. ग्रेच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत झडत असते, कॉकटिल आणि काकाकुवाचीही. मी ते सांगितलं नव्हतं, त्यांनी दम्याचं सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. बंडू परत आला तेव्हा छातीवर रुपयाएवढा उघडा तुकडा पडला होता. गुलाबी कातडी, त्यावर पिसांच्या मोडलेल्या काड्या. काट्यावर ठेवला तर ४०१. नऊ दिवसांत एक्कावन्न ग्रॅम.

त्या ताईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पिंजरा घासूनपुसून परत दिला होता.

दुसरं पान मी उलटं लिहिलं. पहिल्या ओळीत टाके, दुसऱ्या ओळीत भुकटी, तिसरीत "पहाटे साडेपाचला कुकरची शिट्टी वाजवतो, रविवारीही". डाळिंब शेवटी. विचारणारे बारावरून तीनवर आले. आपल्याला तेच हवं असतं.

६. पैसे

मी घेतले नाहीत. पण "फुकट" असं आधी जाहीर करू नका. फुकट म्हटलं की पहिले पाच फोन पुढे विकणाऱ्यांचे येतात. ग्रे बाजारात महाग जातो. मी पर्याय असा काढला की पक्ष्याचे पैसे शून्य, पण देण्याआधीची डॉक्टरांची तपासणी त्यांनी स्वतः करायची, पावती त्यांच्या नावावर. पुढे विकणारा त्या भानगडीत पडत नाही. पिंजरा आणि खेळणी पक्ष्याबरोबरच जाऊ द्या. त्याच्या जगातलं तेवढंच ओळखीचं उरतं, त्याचे पैसे मागू नका.

७. माणसं पारखा

फोनवर पहिला प्रश्न कोणता येतो ते लिहून ठेवा. माझ्याकडची यादी: "मॅडम, टॉकिंग आहे का?" "शिव्या येतात का त्याला?" "आमच्या रेस्टॉरंटच्या एंट्रन्सला मस्त दिसेल." "मुलीचा बर्थडे आहे शनिवारी, तोपर्यंत मिळेल?" "मादी आहे ना? आपल्याकडे नर आहे, पेअर लावू." या शेवटच्याला मी सगळ्यात जास्त घाबरते. ब्रीडरकडे गेलेली मादी वर्षानुवर्षं अंडी घालण्यापुरती उरते.

नाशिकहून एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "झोपतो कुठे?"

तुम्ही विचारायचे प्रश्न:

- आधी पक्षी होता का? तो कसा गेला? सगळ्यात कामाचा प्रश्न हाच. बाईंनी सांगितलं, कॉकटिल, सोळा वर्षांचा होऊन गेला, त्याआधीचा एक पंख्याने, "माझ्या चुकीने". चूक कबूल करणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.
- दिवसा घरी कोण असतं? गावी गेलात की कोण बघणार?
- भाड्याचं घर असेल तर मालकाला माहीत आहे का?
- घरात कोणाला दमा, ॲलर्जी?
- नॉनस्टिक भांडी? जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइलही वाईट.
- मांजर, कुत्रा?
- पक्ष्यांचे जवळचे डॉक्टर कोण? "बघू तेव्हा" हे उत्तर नापास.

मग त्यांच्या घरी जाऊन या. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. घरी गेल्यावर पंखे, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघराचं दार बघा. आणि आडून विचारण्यापेक्षा सरळ सांगा की मी बघायला आलेय. मुलीचं स्थळ बघताना आपण संकोचत नाही, इथे कशाला संकोचायचं?

साध्या कागदावर दोघांच्या सह्यांनी चार ओळी लिहून घ्या: पुढे विकणार नाही, प्रजननाला वापरणार नाही, जमलं नाही तर आधी मला कळवणार, आणि मी परत घेईन. शेवटचं वचन तुमचं आहे. ते पाळायची तयारी नसेल तर लिहू नका.

८. भेटी आणि नेण्याचा दिवस

बाई तीन वेळा ठाण्याला आल्या. पहिल्यांदा पिंजऱ्यापासून सहा फुटांवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसल्या, बंडूकडे बघितलंही नाही. दुसऱ्यांदा दोन फुटांवर. तिसऱ्यांदा जाळीतून डाळिंबाचा दाणा पुढे केला. बंडूने तो घेतला, खाली टाकला, आणि बाईंकडे बघून खोकला. सर, म्हणजे त्यांचे यजमान, लांब सोफ्यावरच बसले होते. त्यांनी स्वभावपत्राची पहिली ओळ वाचली होती.

नेताना छोटा प्रवासी पिंजरा घ्या, मोठ्यात पक्षी आपटतो. झोके, खेळणी, पाण्याची वाटी काढून टाका. पाण्याऐवजी काकडीचे तुकडे. तीन बाजू सुती ओढणीने झाकायच्या. बस-ट्रेन नको, आपली किंवा भाड्याची गाडी, आणि भल्या पहाटे निघा. आम्ही साडेचारला निघालो. कसारा घाट चढेपर्यंत तो गप्प होता. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा ओढणीच्या आतून अगदी हळू आवाज आला, "चहा टाक गं."

मी गाडीतून उतरून पलीकडे जाऊन उभी राहिले. नवऱ्याने काही विचारलं नाही.

९. दिल्यानंतर

पहिले तीन-चार दिवस पक्षी बोलणार नाही, कमी खाईल. ओळखीचं खाणं निदान पंधरा दिवसांचं बरोबर द्या. बदल नंतर. वजन रोज कळवायला सांगा. दहा टक्क्यांच्या आसपास घसरलं की वाट न बघता डॉक्टर.

तुम्ही मात्र लगेच भेटायला जाऊ नका, व्हिडिओ कॉलवर हाका मारू नका. त्याला तुमचा आवाज येतो आणि तुम्ही येत नाही. फोटो मागवा, तेवढ्यावर भागवा. मला ते फार जड गेलं, एकदा नियम मोडलाही.

मी सव्वा महिन्याने गेले. छातीवर करडं लव उगवलं होतं. मला बघून त्याने कुकरची शिट्टी वाजवली, पण ती आमच्या कुकरची नव्हती. बाईंच्या कुकरची रिंग सैल झालीय, तो अर्धवट फुसफुसतो. सर म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी दोनदा गॅस बंद करायला उठलो."

नोंद त्यांच्या नावावर झाली. आता फक्त रविवारी सकाळी बाईंचा मेसेज येतो, त्यात बाकी काही नसतं, नुसता आकडा. परवा ४४६ होता.